साहेबांचा चेहरा आणि उपाशी आळ्या

दार उघडेना.

आत संशोधक बाईंच्या आळ्या उपाशी होत्या. प्लास्टिक खाणारी आळी घडवायचा बाईंचा ध्यास. पहिल्या दोन पिढ्यांनी प्लास्टिक नुसतं हुंगलं होतं. आता तिसरी. ही मेली तर पुन्हा श्रीगणेशा.

मागे जाऊ. काल.

काल अॅपवाल्या उद्योगपतींनी विद्यापीठाला दिलेल्या नव्या प्रयोगशाळेचं उद्घाटन झालं. साहेब दारासमोर दाढी कुरवाळत उभे राहिले. दाराने चेहरा पाहिला. "या, साहेब!" दार उघडलं. टाळ्या. मागोमाग आळ्यांचे ट्रेही आत गेले.

मग साहेब गेले. दाराला ठाऊक असलेला एकुलता एक चेहराही गेला.

"आमचे चेहरे कधी नोंदवणार होता?" आज बंद दारासमोर बाईंनी विभागप्रमुखांना विचारलं.

"उद्घाटन उरकल्यावर. आतल्या पडद्यावर."

"आतल्या?"

विभागप्रमुखांनी घाम पुसला आणि साहेबांच्या ऑफिसला फोन लावला.

"साहेब मौन शिबिरात आहेत," सेक्रेटरी म्हणाली. "फोन बंद."

"अहो, काल तर तासभर बोलले!"

"म्हणूनच."

बाईंची नजर सभागृहाकडे गेली. तिथे साहेबांची भलीमोठी तसबीर होती, चकचकीत प्लास्टिकवर छापलेली.

"तसबीर उतरवायची?" विभागप्रमुख दचकले. "अहो, साहेबांकडून पुढची इमारत अजून यायचीय!"

"आळ्या मेल्या तर त्या इमारतीत काय ठेवणार? तसबीर?"

तसबीर दारासमोर धरली.

"या, साहेब!"

आतल्या पडद्यावर बाईंनी आपला चेहरा नोंदवला. पडदा म्हणाला, 'परवानगीसाठी विनंती साहेबांच्या फोनवर पाठवली आहे.' झालं! बाहेर पडायला बटण होतं, आत यायला तसबीर. मग रोज सकाळी बाई तसबीर काखोटीला मारून येऊ लागल्या. कॉरिडॉरमध्ये लोक अदबीने बाजूला होत. काही जण नमस्कारही करत. एकाने तर तसबिरीकडे बढतीचा विषय काढला.

आळ्या मात्र बाईंनी घातलेला कोंडा खात, प्लास्टिकला तोंड लावेनात.

आणि एका दुपारी साहेब स्वतः आले. मौनात वजन उतरलं होतं, दाढीही.

"आपण कोण?" दाराने विचारलं.

साहेब हसले. चष्मा काढून पुन्हा उभे राहिले.

"आपण कोण?"

"अरे, तुला मी विकत घेतलंय!"

सुरक्षारक्षक धावत आला. "काका, बाजूला व्हा. हे साहेबांचं दार आहे."

"मीच साहेब!"

"रोज बघतो मी साहेबांना. दाढी आहे त्यांना."

विभागप्रमुख पोचले, त्यांनी साहेबांना ओळखलं आणि ते दारावर थापा मारू लागले. "बाई! तसबीर आणा! साहेब बाहेर अडकलेत!"

दार आतून उघडलं. तसबीर कवटाळून बाई धावत बाहेर आल्या. सूट होता, टाय होता. टायच्या वर मोठं भोक होतं आणि भोकातून बाईंचा आनंदाने फुललेला चेहरा दिसत होता.

"खाल्लं! तिसऱ्या पिढीने खाल्लं!"

"काय खाल्लं?" साहेबांनी विचारलं.

"तुमचं तोंड, साहेब! सकाळी ट्रेला टेकवून ठेवलं होतं. दाढीसकट फस्त!"

विभागप्रमुखांनी टाळ्या वाजवाव्यात की पाय धरावेत, ते ठरेना. तेवढ्यात मागे खट्ट झालं.

दार मिटलं होतं. बाई, विभागप्रमुख, साहेब, तसबीर, सगळे बाहेर. आत आळ्या, पोटभर जेवलेल्या.

बाईंनी हळूच तसबीर दारासमोर धरली.

"आपण कोण?" दार म्हणालं.