बावन्न हजारांची सायकल

गणराजचं एक ठाम मत होतं: किंमत बघावी, दर्जा आपोआप कळतो! चिंचवडच्या कंपनीत तो क्वालिटीला होता, तेव्हा त्याच्यापुढे बोलणार कोण? म्हणूनच कामावर जायला त्यानं सायकल घेतली ती थेट बावन्न हजारांची. घंटी नाही, स्टँड नाही, कॅरिअर नाही. बिचाऱ्याला वाटलं, जितकं कमी तितकं भारी!

किंमत ऐकून निशिगंधानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, लाटणं खाली ठेवलं. "दुकानदार तीन दिवसांत परत घेतो ना? मग आज हिच्यासकट आठच्या आत कंपनीत पोहोचून दाखवा. पोहोचलात तर ठेवा, नाहीतर संध्याकाळी परत!"

"आठ? मी पावणेआठलाच गेटवर असेन!"

पण दारात गणराजच्या सासूबाई, गावातच राहणाऱ्या छबूबाई, पूजेचं ताट घेऊन उभ्या! पुनावळ्यात त्यांच्या घरचं नवं वाहन पूजेशिवाय कधी हललं नव्हतं. कुंकू झालं, नारळ झाला, चाकाखाली लिंबू झालं. झेंडूचा हार तर त्यांनी ट्रॅक्टरच्या मापाचा आणला होता! तो हँडलपासून सीटपर्यंत गुंडाळूनही लोंबतच राहिला.

"आई, हार काढून ठेवू का?"

"अजिबात न्हाई! कंपनीत पोचल्याबिगर हात लावायचा न्हाई!"

गणराज निघाला. सायकल खरोखरच वाऱ्यासारखी पळत होती. हँडलला लटकवलेला डबा गुडघ्यावर टकाटक आपटत होता, पण बावन्न हजारांपुढे गुडघ्याची काय कथा! ताथवड्यात त्यानं ऐटीत एक रिक्षा मागे टाकली आणि गिअर बदलला. हाराचं टोक चेनमध्ये गेलं, चेनबरोबर गिअरमध्ये गेलं, आणि कर्रर्र! चाक जाम! ओढायला गेला तर चेनही हातात आली. सात पस्तीस झाले होते.

तेवढ्यात मागून घंटी वाजली. सासरे मारुतराव आपल्या चार हजारांच्या सायकलवरून चिंचवडला पेंड आणायला निघाले होते.

"काय झालं पाव्हणं?"

"मामा, आठच्या आत पोहोचलो नाही तर ही गेली परत!"

मारुतरावांनी ती सायकल एका हातानं उचलली. "हलकी हाय की!" म्हणाले, आणि आपल्या कॅरिअरवर दोरीनं करकचून बांधली. "बसा नळीवर."

"नळीवर? मी?"

"मंग काय! कॅरिअरवर तुमची म्हाराणी बसलीया!"

हेल्मेट घातलेला पंचाहत्तर किलोंचा जावई डबा पोटाशी धरून नळीवर बसला. पासष्ट वर्षांचे मारुतराव खुशाल गुणगुणत पायडल मारत होते. कॉलेजची पोरं मोबाईल काढून शूटिंग करायला लागली. आधी गणराजनं तोंड लपवलं, मग त्यालाच हसू फुटलं. लहानपणानंतर तो पहिल्यांदाच डबलसीट बसला होता, आणि खरं सांगायचं तर त्याला फार मजा येत होती!

सात अठ्ठावन्नला गेट आलं. वॉचमन अर्जुनराव आठवडाभर गणराजच्या तोंडून येणाऱ्या नव्या सायकलचं नुसतं कौतुक ऐकत होता. तो धावत आला, मारुतरावांच्या सायकलवरून त्यानं हात फिरवला, टायर दाबून पाहिला.

"मानलं राव! दोन माणसं, वर हे ओझं, आणि जरा म्हणून वाकली नाही! बावन्न हजार दिसतात बरं का साहेब! पण मागं हे भंगार कसलं बांधून आणलंय?"

मारुतराव मिशीत हसले. गणराज डबा सावरत नळीवरून उतरला.

"ते होय? ते संध्याकाळी परत करायचंय!"