इन्शाल्ला आहेच, तारीख सांगा

बायको, बानू, वारल्याचा हॉस्पिटलातून फोन आला तेव्हा अलीमियाँ हातात ड्रिल घेऊन स्टुलावर उभे होते. स्वयंपाकघरात फळी लावायची होती. ती वर्षभर मागे लागली होती; ती घरी यायच्या आत फळी लावून तिला गप्प करायचं, असा बेत होता. पहिलं भोक पडलं आणि फोन वाजला.

चाळिसाव्या दिवसाची फातिहा झाल्यावर मुलाने, ओवेसने, तिने फळीसाठी अब्बांना पाठवलेल्या व्हॉइस नोटमधलं एक वाक्य उचलून ठेक्यावर बसवलं आणि नेटवर सोडलं. "इन्शाल्ला आहेच, तारीख सांगा!" पगार, व्हिसा, एसीची दुरुस्ती... इथे आखातात प्रत्येकालाच कुणाकडून तरी तारीख हवी होती. गाणं वाळूसारखं फटीफटीतून शिरू लागलं. खालच्या ग्रोसरीत अंडी घ्यायला जावं, तर बानू तारीख विचारायची. दुबईच्या बसमध्ये बसावं, तर शेजाऱ्याच्या मोबाइलमधून विचारायची. अलीमियाँ अंडी काउंटरवर टाकून पळायचे, बसमधून आधीच्याच स्टॉपवर उतरायचे.

"आठवड्याभरात बंद पाडून दाखवतो," त्यांनी ओवेसला बजावलं. रेडिओच्या फर्माइशींच्या व्हॉट्सॲपवर गाण्याचं नाव लिहून खाली लिहिलं, लावू नका. रोज लिहिलं. गाणं वर चढलं. मग त्यांनी रत्नागिरीकरांच्या ग्रुपवर हाक दिली. अल क्वोजच्या गोदामांपासून सोनापूरच्या कामगार-कॅम्पपर्यंत सगळ्यांनी तोच मेसेज धाडला. शनिवारी गाणं पहिल्या नंबरावर! निवेदिकेने अल नहदाच्या अलीभाईंचे खास आभार मानले. तिथलं यंत्र फक्त गाण्याचं नाव मोजत होतं.

ओवेस हसू दाबत म्हणाला, "अब्बा, यू आर हर बिगेस्ट फॅन."

पुढे एका अमेरिकन गायकाने तेच गाणं कंट्री ढंगात, बँजोवर म्हटलं, हरवलेल्या घोड्याला हाका माराव्यात तसं. रेडिओ आता तेवढंच लावू लागला. ग्रोसरीत अलीमियाँ अंडी हातात धरून गाणं संपेपर्यंत थांबले. बानू आलीच नाही. दुसऱ्या दिवशी बसमध्ये ते शेवटच्या स्टॉपपर्यंत बसून राहिले. तिथेही तोच घोडेवाला.

घरी येऊन ते म्हणाले, "ओवेस, आपलं लाव."

"अब्बा, आर यू शुअर?"

"तो गोरा विचारतोय खरा. पण कशाची तारीख, हे त्याला कुठे ठाऊक?"

ओवेसने लावलं. बानूने विचारलं. भिंतीतल्या एकुलत्या भोकाकडे बघत अलीमियाँ म्हणाले, "शुक्रवारी. इन्शाल्ला."

त्यानंतर बरेच शुक्रवार गेले. फळी अजून लावायची आहे.