अकरा मिनिटं नुसत्या चपला

सोलापूर जिल्ह्यातला पहिला प्रायोगिक लघुपटकार मीच! यावर वाद नको. माझ्या आधीचा कुणी असेल तर त्यानं खुशाल पुढं यावं. मी त्याला चहा पाजीन आणि वाचलास कसा ते विचारीन.

मी शाकीर. सोलापुरात विजापूर वेशीजवळ माझा लहानसा व्हिडिओ स्टुडिओ आहे. अठरा वर्षं लग्नं शूट करतोय. नवरी गुलाबातून बाहेर येते, नवरदेव ढगातून उतरतो आणि दोघांच्या मधून दोन हंस पोहत जातात. ते हंस या भागात मीच आणले! बायको गुलनाज बायकांच्या बाजूचा कॅमेरा सांभाळते. सगळं बरं चाललं होतं. पण गेल्या वर्षी मला पुण्याला तीन दिवसांच्या लघुपट शिबिराला जायची अवदसा आठवली.

तिथे एक दाढीवाले सर होते. ते म्हणाले, "जे दाखवायचं आहे, ते दाखवू नका!"

म्हणजे अठरा वर्षं मी बरोबर उलटं करत होतो! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. परतीच्या एसटीतच ठरवलं, आता हंस बंद!

पुढचंच काम दुधनीच्या शरणप्पा अण्णांचं निघालं. त्यांची एकुलती एक मुलगी दानेश्वरी, आणि जावई मोहोळचा. अण्णा म्हणाले, "शाकीरभाई, शूटिंग असं करा की लोकांनी नाव काढलं पायजे."

"अण्णा, तुमी बघाच!" मी म्हणालो.

आणि मी लग्न शूट केलंच नाही. मी केली पाच लघुपटांची मालिका! गुलनाजनं मला मांडवाच्या दारात गाठलं. "क्या जी, सब लोगां उदर स्टेज पे हैं, तुम इदर चपलां में क्या कर रहे?"

"कला," मी म्हणालो.

तिनं माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला आणि निघून गेली.

दीड महिन्यानं दानेश्वरी माहेरी आली. सासरची माणसंही आली होती. रविवारी दुपारी अण्णांच्या हॉलमध्ये तीस माणसं, बंद खिडक्या आणि भिंतीएवढा टीव्ही! पुढच्या खुर्चीवर अण्णांच्या आई, मल्लव्वा आजी. त्यांच्या शेजारी नवरदेवाचे चुलते, भीमाशंकर काका. काकांच्या मांडीवर एक कॅरीबॅग होती आणि तीत त्यांच्या स्वतःच्या चपला.

"काका, चपला भायेर ठेवल्या तरी चालतंय की," मी सहज म्हणालो.

"दुधनीत?" काका म्हणाले. "एकदा ठेवून बघितलं न्हवं!"

अण्णांनी मला ओढत स्वयंपाकघरात नेलं आणि सगळं सांगितलं. लग्नात काकांचे नवेकोरे बूट गेले होते. काका कार्यालयातल्या बाथरूमच्या निळ्या स्लिपरवर मोहोळला पोचले होते. तेव्हापासून ते पोरीला ऐकवत होते, "तुमच्याकडं माणूस बूट घालून येतंय आन अनवाणी जातंय." पोरगी काल आल्या आल्या आईच्या गळ्यात पडून रडली होती.

"आज शूटिंग बघून माणूस जरा खूश झाला पायजे," अण्णा माझा हात धरून म्हणाले. "सगळं तुमच्यावर हाय बघा."

मी मान डोलावली. माझ्या पेन ड्राइव्हमध्ये सुरुवातीलाच सहा मिनिटांची दोरी होती!

पहिला लघुपट: 'दोर'. मांडवाची एक दोरी वाऱ्यानं हलते. आवाज नाही. एक मिनिट झालं. दोन झाली.

"लोडिंग होतंय वाटतं," मागून कुणीतरी म्हणालं.

"येन इदु?" मल्लव्वा आजींनी कानडीत विचारलं. हे काय आहे, हा त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता. मला उत्तर येत होतं, पण ते कानडीत नव्हतं. मराठीतही नव्हतं.

दुसरा: 'पाठ'. यात सगळे पाहुणे फक्त पाठीमागून. इथे मात्र लोक रंगात आले! "ते टक्कल माज्या मेव्हण्याचं!" "न्हाय, ते गॅस एजन्सीवाल्याचं!" दोघं उठून टीव्हीवर बोट ठेवून भांडायला लागले. तिसरा: 'वाफ'. भाताच्या पातेल्याची वाफ. एका मावशींनी चष्मा पुसला, पुन्हा घातला, पुन्हा पुसला.

चौथा: 'अक्षता'. पडद्यावर फक्त जमीन आणि तिच्यावर टपटप पडणारे तांदूळ. अण्णा हळूहळू उभे राहिले.

"शाकीरभाई, ह्या अक्षता माज्या पोरीच्या डोस्क्यावर पडल्या का न्हाईत?"

"पडल्या की अण्णा! त्या तितनं खाली आल्यावरच्या ह्या."

"मग पोरगी कुटं हाय?"

"ती आपण... मनात बघायची."

अण्णांचा चेहरा बघून मी मनातल्या मनात एसटीचं वेळापत्रक आठवायला लागलो. दानेश्वरी खाली मान घालून पदर चाळवत होती. आणि काका खूश झाले होते! "शूटिंगमदनं नवरी पण गेली का? भले!"

घाईघाईनं मी पाचवा लावला. 'पादत्राण'. मांडवाच्या दारातल्या चपलांचा ढीग. अकरा मिनिटं. कॅमेरा जागचा हलत नाही. आता मला दोरीनं बांधणार, बहुतेक त्याच दोरीनं, अशी माझी खात्री झाली होती. आठव्या मिनिटाला काका ताडकन उठले.

"थांबव!"

मी मनात म्हणालो, एक तरी माणूस कलेनं हलला!

"माजे बूट हायेत ते! मागं घे!"

मी मागं घेतलं. तीस माणसं टीव्हीला नाक लावून बसली. पडद्यावर दोन पाय आले. चकचकीत काळे बूट निघाले. एक हात खाली आला, त्यानं बूट कॅरीबॅगेत घातले, वर गाठ मारली आणि पिशवी हिरव्या साडीतल्या एका हातात दिली.

"पुन्यांदा लाव," अण्णा म्हणाले.

पुन्हा लावलं. सात वेळा लावलं! हाताच्या बोटात पोवळ्याची अंगठी होती. सगळ्यांनी काकांच्या बोटाकडे बघितलं. मग सगळे त्यांच्या बायकोकडे, काकूंकडे वळले; लग्नातली ती हिरवी साडी त्यांचीच होती.

"अगं बया!" काकू तोंडावर हात ठेवून म्हणाल्या. "ती पिशवी व्हय? मी आहेर समजून माळ्यावर टाकली की!"

म्हणजे बूट स्वतःच सांभाळायला देऊन काका साफ विसरले होते! मल्लव्वा आजी पहिल्यांदा हसल्या. मग हॉल फुटला! काका कॅरीबॅग छातीशी धरून माझ्यावर ओरडले, "न विचारता माजे पाय शूट केलेस? तुला कोर्टात खेचतो!" पण त्यांचं ऐकायला कुणी मोकळं नव्हतं. दानेश्वरी उठली, डोळे पुसले आणि फार गोड आवाजात म्हणाली, "काका, च्या घेणार का?"

काकांनी मुकाट्यानं चहा घेतला.

"ते झालं," अण्णा माझ्याकडे वळले. "माजी पोरगी कुटं हाय?"

तेव्हा माझ्याबरोबर आलेली गुलनाज मागून उठून आली आणि पर्समधून स्वतःचा पेन ड्राइव्ह काढून टीव्हीला लावला. नवरी, नवरदेव, अक्षता, पाठवणी, सगळं त्यात होतं. आजी रडल्या, अण्णा रडले. मी दाराजवळ उभा राहिलो. माझ्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही.

"तू बोली क्यों नै?" मी हळूच विचारलं.

"तुमारी कला चल री थी ना," ती म्हणाली.

आता गंमत ऐका. त्या दिवसापासून आमच्याकडे कामाची रीघ लागली! मोहोळ, कुंभारी, कुठून कुठून फोन येतात. सगळे एकच विचारतात, "ते चपलावालं शूटिंग तुमीच करता न्हवं?" तर हल्ली स्टेज गुलनाजकडे असतं. हंसही तिनं परत आणलेत. आणि मी मांडवाच्या दारात ट्रायपॉड लावून, खुर्ची टाकून, लग्नभर बसतो.

परवा एका आजोबांनी आपल्या चपला थेट माझ्या हातात दिल्या. मी आदरानं घेतल्या. ते दोन पावलं गेले, थांबले आणि मागं वळून म्हणाले, "टोकन देत न्हाय व्हय रं?"