कारण विचारू नये

"लहान मुलांसाठी लिहिणाऱ्यानं वेळेवर उठावं, उपासनी. पानावरून उठतात तसं. वाढपी थांबायच्या आधी." हिंमतराव संपादकांचा हा तंबाखूने भरलेला आवाज यज्ञेश्वर उपासनींनी पस्तीस वर्षांपूर्वी ऐकला होता. दोन हजार चार सालच्या जूनमध्ये, त्रेपन्नावे पुस्तक छापून झाल्यावर, तो एका सकाळी पुन्हा त्यांच्या कानात घुमला आणि हातातला चहाचा कप खाली ठेवून त्यांनी जाहीर केले, "मंदा, मी निवृत्त झालो."

"बरं. दूध उतू जातंय, तेवढं बघा," मंदाकिनीबाई म्हणाल्या.

पण उपासनींचे एवढ्याने भागणार नव्हते. थांबायचे तर ताठ मानेने थांबायचे. उद्या कोणी म्हणायला नको, की म्हाताऱ्याला घरी बसवले. आपण आपल्या पायांनी उठलो हे चार लोकांना कळायला हवे, आणि पुण्यात चार लोकांना काही कळवायचे तर त्याची रीत ठरलेली. त्यांनी माळ्यावरून जुना फळा काढला, पुसला, वळणदार अक्षरांत मजकूर लिहिला आणि तळमजल्यावरच्या आपल्या बाल्कनीच्या गजांना तो तारेने बांधला.

"येथील श्री. यज्ञेश्वर उपासनी हे बालसाहित्य-लेखनातून निवृत्त झाले आहेत. निर्णय अंतिम आहे. कारण विचारू नये."

चूक झाली ती शेवटच्या ओळीत. पुण्याच्या माणसाला 'विचारू नये' असे सांगणे म्हणजे पाट मांडून बोलावणे. त्यातून वारज्याच्या त्या सोसायटीचे फाटक अगदी बाल्कनीसमोर, आणि हिंजवडीला जाणारी कंपनीची बस थांबायची ती फाटकाशीच. साडेसातपासून गळ्यात ओळखपत्रे अडकवलेली पोरे-पोरी तिथे उभी. वाचायला दुसरे काही नाही. दुपारपर्यंत सात जण दारात येऊन गेले. त्यातल्या पाचांना उपासनी लिहितात हेच ठाऊक नव्हते.

"अहो, निवृत्त झालात ते ठीक. पण तुम्ही होतात कधी?" दुसऱ्या मजल्यावरच्या मालनबाईंनी निर्मळ मनाने विचारले, आणि जाताना स्वर खाली आणून म्हणाल्या, "प्रकृतीचं काही आहे का? लपवू नका हो."

संध्याकाळपर्यंत घरात अडुळशाचा काढा, गुळवेलीचा काढा आणि जांभळाच्या बियांची पूड येऊन पडली. उपासनींनी खडू उचलला.

"प्रकृती उत्तम आहे. काढे आणू नयेत."

प्रकृती उत्तम असताना माणूस लिहायचे सोडतो, म्हणजे घरातच काहीतरी धुमसत असणार. सोसायटीने हा हिशेब एका रात्रीत सोडवला. सकाळी मालनबाई मंदाकिनीबाईंचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "सून नोकरीवाली असली की सासऱ्यांना बाजारहाट पडतोच. लिहिणार कधी बिचारे!"

उपासनींच्या अंगाचा तिळपापड झाला. श्रद्धासारखी सून आणि तिच्यावर आळ? रागाच्या भरात गद्य अपुरे पडले आणि फळ्यावर आपसूक ओवी उतरली.

"ताप नाही, खोकला नाही,
सुनेनं रस्ता रोखला नाही,
सून माझी गुणाची गं,
चिंता तुम्हां कोणाची गं?"

तिसऱ्या मजल्यावरची तनया सात वर्षांची, इंग्रजी शाळेत जाणारी. ती फळ्यासमोर उभी राहून एकेका अक्षरावर बोट ठेवत वाचायला लागली. तिला चाल सापडली, आणि मग काय विचारता! संध्याकाळी नऊ-दहा पोरे फेर धरून 'चिंता तुम्हां कोणाची गं' म्हणत फाटकाशी घुमू लागली. दुसऱ्या दिवशी ते गाणे बसमध्ये चढले आणि हिंजवडीला पोचले.

रात्री श्रद्धा हिंजवडीच्या ऑफिसातून घरी आली ती पर्स आपटतच.

"बाबा, आजपर्यंत माझ्यावर कोणालाच डाउट नव्हता. आता अख्ख्या फ्लोअरला आहे! मॅनेजर केबिनमध्ये बोलावून विचारतो, घरी सगळं ओके आहे ना?"

"अगं, मी तुझी स्तुतीच केलीय."

"तेच तर! कोणी कारण नसताना सुनेची स्तुती करतं का?"

उपासनी तडक बाल्कनीत गेले. त्यांनी ओवी पुसली आणि अत्यंत जबाबदारीने लिहिले, "काल प्रसिद्ध केलेला सुनेविषयीचा मजकूर मागे घेण्यात येत आहे."

सकाळी बस वीस मिनिटे उशिरा सुटली, कारण निम्मी माणसे फळ्यापुढून हलेनात.

"म्हणजे सून गुणाची नाही?"

"एका दिवसात असं काय झालं असेल?"

"मागच्या सोसायटीतले लोकही आलेत बघायला."

मंदाकिनीबाईंनी खिडकी लावून घेतली. "त्रेपन्न पुस्तकांत जे जमलं नाही ते चार ओळींत जमलं तुम्हाला," त्या म्हणाल्या. "घराबाहेर पडायची सोय ठेवली नाहीत."

रविवारी सकाळी सेक्रेटरी हिंदुराव ओले फडके घेऊनच आले. खडकवासल्याच्या लष्करी अकादमीत तीस वर्षे भांडार सांभाळून निवृत्त झालेला माणूस. चप्पलसुद्धा सरळ रेषेत काढणारा.

"उपासनीसाहेब, बसवाल्याची तक्रार आहे, फाटकात गर्दी हाय. आपण बाजूला व्हा, मी फळा पुसतो."

"काका, नका पुसू!" तनया आडवी आली. तिच्यामागे वह्या घेतलेली पोरे. "आमचं अजून लिहून व्हायचंय."

हिंदुराव चक्रावले. "काय लिहून घेताय?"

"रोजचं. मी सगळं उतरवलंय. हे काढ्याचं, हे सुनेचं." तिने वही उघडून दाखवली. वाकडीतिकडी मराठी अक्षरे ओळीने उभी होती. "आई म्हणते, तू मराठी वाचतेस कशी एकदम?"

बाल्कनीसमोर आता तीस-चाळीस माणसे जमली होती. सुट्टी असूनही बसची मंडळी आली होती. मालनबाई खुर्ची घेऊन आल्या होत्या. बंद केलेली खिडकी आतून बोटभर उघडली.

"हे बघा," हिंदुराव फडके पिळत म्हणाले, "प्रकृती नाही, सून नाही. मग कारण काय ते एकदा सांगून टाका. लोकांचा जीव भांड्यात पडंल, फळा खाली उतरंल, विषय संपंल."

"कारण विचारू नये असं पहिल्याच दिवशी—"

"आजोबा, पण का थांबलात तुम्ही?" तनयाने पेन्सिल उगारून विचारले. "सांगा ना. मी वहीत जागा सोडलीय."

उपासनींनी खडू उचलला, फळ्याकडे वळले, आणि हात हवेतच राहिला. पस्तीस वर्षांत शब्दासाठी ते असे अडले नव्हते. मग त्यांनी खडू गजावर ठेवला, मान ताठ केली आणि नेहमीच्याच खणखणीत आवाजात, पण पाटीवर न मावणारे असे काहीतरी बोलले.

"अगं, शेवटच्या तीन पुस्तकांवर मला एकही पत्र आलं नाही. एकाही पोराचं नाही. मला वाटलं होतं, 'पुढं काय झालं' असं विचारणारं आता कोणी उरलंच नाही."