रांगोळीस वेढा घालून सात ठोकळे सर केल्याची हकिकत

श्री नर्मदामाई प्रसन्न. शके एकोणीसशे सेहेचाळीस, कार्तिक मास, शनिवार, तिसरा प्रहर. मुक्काम जबलपूर, प्रांत विजयनगर, शाळेची कॉम्प्युटर लॅब. ते स्थळी जे तुंबळ जाहले ते ध्यानी आणून सावध ऐकावे.

राजमान्य राजश्री विनताबाई, इयत्ता अकरावी, यांस दिशा म्हणून कधी वश जाहली नाही. उजवे म्हणता डावीकडे वळत आणि नकाशा उलटा धरीत आणि परीक्षेत "हा ठोकळा फिरविल्यास कैसा दिसेल" ऐसा सवाल आला म्हणजे आपली मानच फिरवीत, मान लचके परंतु उत्तर न ये. मग बाईंनी मनसुबा केला की, जी विद्या दगा देते तिचाच खेळ रचून तीस घरच्या चाकरीस लावावी. दोन महिने खपून व्हीआरचा खेळ सिद्ध केला. चष्मा चढविताच खेळणारा एका दालनी उतरे आणि भोवती सात वेडेवाकडे ठोकळे हवेत तरंगत आणि ते फिरवून फिरवून एका पेटीत ऐसे बसवावे की फट राहू नये. उभे कोठे राहावे हे कळावे म्हणून मधोमध एकवीस ठिपक्यांची रांगोळी काढिली, रंग भरिले, तीन दिवस त्यातच खर्ची पडले.

परंतु शाळेत चष्मा एकच आणि सोमवारी विज्ञान प्रदर्शन. चष्म्यावर विनयराव यांचाही दावा, त्यांचा खेळ राक्षसांवर गोळ्या झाडण्याचा. ते भर वर्गात वदले, "जिसको घर का रास्ता नहीं मालूम, वो हमको रास्ता दिखाएगी!" तमाम वर्ग खदखदला आणि बाईंचे कान लाल जाहले.

तेव्हां पुष्पा मॅडम यांचे फर्मान सुटले की, ज्याने चष्मा कधी पाहिला नाही ऐशा माणसाने दहा मिनिटांत कोडे सोडवावे, तोंडाने मदत करणे सक्त मना, सुटले तर चष्मा विनताबाईंचा, नाही तर विनयरावांचा. मग बाईंनी खमरियाहून आपल्या कलावती आत्यास कुमकेस पाचारण केले. आत्यासाहेब बसने, डब्यात लाडू घेऊन, जातीनिशी दाखल जाहल्या.

चष्मा चढला. घड्याळ सुरू जाहले. आणि आत्यासाहेब जागच्या हलेनात.

"काहून वो विनते, ही रांगोळी कोनं काढली?"

बोलणे मना, सबब बाई ओढणी चावीत उभ्या.

"पोरीनं एवढे ठिपके जोडले, अन् मी त्याच्यावर उभी राहू काय? मी नाही पाय देत बाप्पा!"

विनयराव बाकावर लोळून हसो लागले. तीन मिनिटे गेली. लॅपटॉपवर आत्यास दिसे ते सर्व दिसत होते आणि एक कळ दाबिता रांगोळी नाहीशी होणार होती. मॅडमनी मान हलवून परवानगीही दिली. बाईंनी कळेवर बोट ठेविले.

इतक्यात आत्यासाहेब रांगोळीच्या काठाकाठाने चालू लागल्या. पदर खोचून, रंगास धक्का न लागो देता, त्यांनी रांगोळीस वेढा घातला आणि ठोकळे मागून पाहिले, बगलेने पाहिले, वाकून खालून पाहिले. मध्ये उभे राहता जो ठोकळा निव्वळ चौकोन दिसे, ज्यापायी आधी खेळून पाहता सगळा वर्ग हरला होता, त्यास मागे भलेमोठे शेपूट निघाले! आत्या म्हणाल्या, "अच्छा! असा लपून राहिला काय रे चोट्या!"

बाईंनी बोट उचलिले. दोन महिने त्यांनी लोकांस एके जागी खिळवून ठोकळे फिरविले होते आणि फिरावयाचे होते माणसाने!

मग जो गदारोळ जाहला तो काय वर्णावा. आत्या फिरताहेत आणि ठोकळे पेटीत पडताहेत आणि समोर बाक आले तैसे खुद्द विनयराव धावले. "आंटी, बेंच! बेंच!" म्हणोन गर्जना करून त्यांनी बाके ओढून वाट मोकळी केली, आपण शत्रुपक्षाचे हे त्यांस भान न राहिले. सहा ठोकळे बसले. नववे मिनिट लागले. सातवा उलटा बसला. वर्ग ओरडला, मॅडम ओरडल्या, "चुप! एकदम चुप!" आणि आत्या शांतपणे बोलल्या, "थांबा ना जी, पाहून राहिली ना मी." आणि अर्धी फेरी मारून, ठोकळा पालथा करून, खटकन बसविला.

नऊ मिनिटे, एक्केचाळीस सेकंद.

विनताबाई बाकावर चढून नाचल्या, हे इतिहासात नमूद असावे. विनयरावांनी खालमानेने दोन लाडू मागितले, ते बहाल जाहले. चष्मा बाईंचे स्वाधीन होऊन मॅडमची सही जाहली. तेच समयी बाईंनी खेळाच्या दारी नवा हुकूम कोरिला: "रांगोळीवर पाय देऊ नये. फिरून पाहावे." आणि रचनाकारांचे जागी नांव घातले कलावतीबाई, आणि त्याखाली आपले. येणेप्रमाणे सात ठोकळ्यांचा मुलुख सर होऊन, रांगोळीचा एक ठिपकाही न मोडता फत्ते जाहली, ती दप्तरी दाखल असे.