शेजारच्या सीटवरच्या बाई

सासूबाईंना शाळेत पोहोचवायचं होतं, नेमकी त्याच दिवशी डॉक्टरांची गाडी रुसून बसली.

डॉक्टर म्हणजे दातांचे डॉक्टर. दवाखान्यात त्यांचा आवाज इतका मऊ, की दाढ निघून बशीत पडली तरी पेशंटला वाटायचं, अजून सुरुवात व्हायचीय. पण स्टिअरिंगमागे बसले की डॉक्टरांचा अवतारच पालटायचा. गाडी काळी, उंच, काळ्या काचांची. ती आरशात दिसली की पुढचे दुचाकीवाले अंग चोरून कडेला व्हायचे, गल्लीतून तोंड बाहेर काढणाऱ्या गाड्या पुन्हा गल्लीत शिरायच्या, आणि ओळख ना पाळख असे वॉचमन सलाम ठोकायचे. या सगळ्याचं श्रेय डॉक्टर स्वतःकडे घेत.

"ड्रायव्हिंगला एक जरब लागते," ते बायकोला सांगत. "ती मुळात अंगात असावी लागते. मागे कोण आहे, ते लोकांना बरोबर कळतं."

"मागे कोण आहे ते नाही हो," बायको म्हणायची, "मागे काय आहे ते कळतं."

त्या सकाळी गाडीचा गिअर पडेना. कंपनीची माणसं आली, त्यांनी बॉनेट उघडून एकमेकांकडे बघितलं आणि गाडी ओढून घेऊन गेली. म्हणाली, परवा या. इकडे सासूबाई केव्हाच्या तयार होऊन, मांडीवर पर्स घेऊन सोफ्यावर बसलेल्या. जिथे त्यांनी जन्मभर गणित शिकवलं त्या शाळेचा आज बक्षीस समारंभ होता आणि त्या प्रमुख पाहुण्या होत्या. नोकरीत असताना घंटा झाली म्हणून त्या वर्गात जात नसत. त्या निघाल्या की शिपाई घंटा द्यायचा. अशा बाईंना आज उशीर होणं म्हणजे काय, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मोबाईलवरून बोलावलेली टॅक्सी आधी हो म्हणाली, मग कुठल्याशा चौकात गोल गोल फिरली आणि शेवटी नाही म्हणाली.

तेवढ्यात बायको खालच्या मजल्यावर जाऊन किल्ली घेऊन आली. खाली ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर राहत. ते तापाने पडले होते, शिकवणी बंद होती आणि गाडी रिकामी उभी होती.

डॉक्टर खाली गेले आणि गाडी बघून जागच्या जागी थांबले. गाडी छोटीशी, पोपटी. टपावर तिकोनी पाटी. पुढे, मागे आणि दोन्ही दारांवर ठळक लाल अक्षरांत 'शिकाऊ चालक. कृपया सांभाळून घ्या.'

"यातून? प्रमुख पाहुण्यांना?"

"मग काय खांद्यावर नेताय?" बायको म्हणाली.

"चाकं चार आहेत ना?" सासूबाईंनी विचारलं. "मग चला."

मागच्या सीटवर सरावाचे प्लास्टिकचे शंकू रचून ठेवलेले होते, म्हणून सासूबाई पुढे बसल्या. बसताक्षणी त्यांनी वाकून खाली बघितलं.

"डॉक्टर, हे माझ्या पायाशी काय आहे?"

"क्लच आणि ब्रेक. मास्तरांसाठी असतात ते. तुम्ही पाय मागे घ्या, आई. त्यांना अजिबात हात लावू नका. म्हणजे पाय."

"खरोखरीचे आहेत?"

"खरोखरीचे आहेत."

"अरे वा," सासूबाई म्हणाल्या. त्या 'अरे वा'तच डॉक्टरांनी सावध व्हायला हवं होतं.

पहिल्याच चौकात डॉक्टरांनी सवयीने गाडीचं नाक पुढे घातलं. कुणी थांबलं नाही. एक टेम्पो आरशाला वारा घालून गेला, त्यामागून दुचाक्यांची रांगच्या रांग निघून गेली. डॉक्टरांनी चिडून हॉर्न दाबला. त्यांच्या गाडीच्या हॉर्नने माणसं दचकायची. हा हॉर्न "पीप" म्हणाला आणि रस्त्याकडेची दोन माणसं प्रेमाने हसली.

पुढे सिग्नल हिरवा झाला आणि गाडी बंद पडली. डॉक्टरांच्या गाडीत गिअर आपले आपण पडत, क्लचशी त्यांची गाठभेट होऊन जमाना लोटला होता. त्यांनी गाडी सुरू केली. ती एक गचका देऊन पुन्हा बंद पडली. आता मागून शिव्या येणार म्हणून त्यांनी मान आत ओढून घेतली. पण शेजारी येऊन थांबलेल्या बसच्या ड्रायव्हरने खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं आणि ओरडला, "घाबरू नका, काका! पहिला टाका. आता क्लच सोडा, हळूहळू, हळूहळू... हां! जमलं की नाही?"

"मला येतं!" डॉक्टर ओरडले.

"येईल, येईल," ड्रायव्हर म्हणाला. "सगळ्यांना येतं सवयीने."

शिवी परवडली असती, असं डॉक्टरांना वाटलं. त्यात पुढच्या सिग्नलला स्कूटरवरची एक तरुणी सासूबाईंच्या खिडकीशी येऊन थांबली.

"मॅडम, तुमची बॅच किती वाजता असते हो? आमचे सर फार खेकसतात. तुम्ही किती शांत बसलाय!"

"खेकसून गणित येत नाही, तिथे गाडी कशी येईल?" सासूबाई म्हणाल्या.

ती खूश होऊन निघून गेली.

"आई, तिला सांगायचं ना, की मी..."

"तिनं विचारलं, मी उत्तर दिलं. तुम्ही पुढे बघा."

डॉक्टरांनी पुढे बघितलं आणि रागारागाने वेग वाढवला. समोर झेब्रा क्रॉसिंग होतं आणि कडेला काठी टेकून एक आजोबा उभे होते. काळी गाडी येताना दिसली की असे आजोबा फुटपाथवर थांबून राहतात, हा डॉक्टरांचा नेहमीचा अनुभव. हे आजोबा मात्र पोपटी गाडी बघून खुशाल खाली उतरले. डॉक्टरांचा पाय ब्रेककडे वळणार, तोच गाडी खाडकन थांबली. मागचे शंकू उडून पुढे आले. एक डॉक्टरांच्या मांडीवर पडला.

त्यांनी शेजारी बघितलं. सासूबाईंचा पाय ब्रेकवर होता आणि चेहरा उजळला होता.

"चालतो हो!" त्या म्हणाल्या.

आजोबांनी रस्त्याच्या मधोमध उभं राहून सासूबाईंकडे बघत काठी उंचावली आणि सावकाश पलीकडे गेले. गाडी अर्थातच बंद पडली होती. मागे रांग लागली आणि रांगेच्या कडेने वाहतूक पोलीस चालत आला. तो थेट सासूबाईंच्या खिडकीशी गेला.

"काय मॅडम, विद्यार्थी नवीन दिसतोय."

"मी विद्यार्थी नाही!" मांडीवरचा शंकू बाजूला सारत डॉक्टर गरजले. "तुम्ही नोकरीला लागायच्या आधीपासून मी गाडी चालवतोय!"

"असं होय? मग लायसन्स दाखवा."

डॉक्टरांचा हात खिशाकडे गेला आणि तिथेच राहिला. "ते गाडीत आहे. म्हणजे या नाही, दुसऱ्या गाडीत. मोठी आहे. काळी. ती दुरुस्तीला गेलीय."

"माझंही विमान दुरुस्तीला गेलंय," पोलीस शांतपणे म्हणाला. "हे बघा, तुम्ही पक्के ड्रायव्हर असाल आणि लायसन्स जवळ नसेल, तर गाडी इथेच ठेवून जावं लागेल. शिकाऊ असाल, शेजारी शिकवणाऱ्या बाई असतील, तर शिकाऊंचे कागद स्कूलच्या ऑफिसात असतात, ते मला माहीत आहे. मग गोष्ट वेगळी. तुम्हीच ठरवा, तुम्ही कोण?"

डॉक्टरांनी सासूबाईंकडे बघितलं. त्या घड्याळाकडे बघत होत्या.

"शिकाऊ," डॉक्टर पुटपुटले.

"काय?"

"शिकाऊ!"

"आणि मॅडम, तुम्ही शिकवता?"

"माझं अख्खं आयुष्य शिकवण्यातच गेलं," सासूबाई म्हणाल्या. यात तिळभरही खोटं नव्हतं.

पोलीस एकदम नरम पडला. "मग यांना तेवढी कडेला गाडी लावून दाखवायला सांगा. तो फळांचा टेम्पो आणि ती व्हॅन, त्यांच्या मधे. जमलं की सोडतो."

जागा तशी पुरेशी होती. पण डॉक्टरांना कडेला गाडी लावायची सवयच नव्हती. ते आपली गाडी मनाला येईल तिथे सोडत आणि बाकीचे आपापलं बघून घेत. बघता बघता गर्दी जमली. "डावीकडे घ्या", "अहो, दुसरी डावी!", "आता सोडा, सोडा, धरा!" असा सल्ल्यांचा पाऊस पडायला लागला. फळवाला टेम्पोतून उतरून आपली पपई सुरक्षित जागी हलवू लागला. आणि त्या गोंधळात एक ओळखीचा आवाज आला.

"डॉक्टर? तुम्ही?"

गालावर रुमाल दाबून उभा असलेला तो माणूस उद्या सकाळी दाढ काढून घ्यायला येणार होता.

"तुम्ही अजून शिकताय?" त्याने विचारलं, आणि त्याची नजर स्टिअरिंगवरच्या हातांवर गेली. हात घामेजले होते आणि थरथरत होते. त्याने रुमाल जरा जास्तच दाबून धरला.

"सगळ्यांनी गप्प बसा!" सासूबाई कडाडल्या.

वर्गातला आवाज होता तो. गर्दी चिडीचूप झाली. पोलीससुद्धा नकळत ताठ उभा राहिला.

"डॉक्टर, श्वास घ्या. घाई नाही. आरशात बघा. व्हॅनचा दिवा दिसतोय? दिसला की वळवा. या मागे... या... पुरे. आता सरळ करा."

गाडी कडेला अशी लागली, जणू कुणी पट्टी धरून रेघ मारली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. डॉक्टरांनी कपाळ पुसलं, आणि मनात नसताना त्यांना इतका आनंद झाला की स्वतःचाच राग आला. पोलिसाने हात आडवा करून चारी बाजूंची वाहनं थांबवली आणि पोपटी गाडीला वाट करून दिली. काळ्या गाडीसाठी असं कुणी कधी केलं नव्हतं.

तिथून पुढे सासूबाईंनी काच खाली घेतली. कुणी वाट दिली की त्या हात वर करून हसायच्या. नाही दिली, तरी हसायच्या, आणि मग तो ओशाळून द्यायचा. थोड्या वेळाने एका टेम्पोवाल्याने थांबून आधी जा म्हणून खूण केली, तेव्हा डॉक्टरांचाही हात आपोआप वर गेला. टेम्पोवाल्याने हात हलवला. डॉक्टरांच्या लक्षात आलं, की इतकी वर्षं लोक त्यांना वाट देत आले, पण आज पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्या तोंडाकडे बघून दिली. त्यांना बरं वाटलं.

शाळेच्या फाटकाशी मुख्याध्यापिका आणि सगळा शिक्षकवर्ग माना उंचावून रस्त्याच्या टोकाकडे बघत उभा होता. जावयांची मोठी काळी गाडी येणार, हे सगळ्यांना कळवलेलं होतं.

"अहो शिकाऊ! गाडी पुढे न्या!" एक शिक्षक धावत आले. "इथे प्रमुख पाहुण्यांची गाडी लागायचीय!"

"लागली," सासूबाई म्हणाल्या आणि खाली उतरल्या. शिक्षकांनी जीभ चावली. त्याच क्षणी आत शाळेची घंटा झाली. सासूबाईंनी एक समाधानाचा सुस्कारा सोडला आणि घंटेच्या नादातच आत शिरल्या.

भाषण छोटंसंच झालं. शेवटी त्या म्हणाल्या, "निवृत्त झाल्यावर वाटलं होतं, आता विद्यार्थी मिळायचे नाहीत. आज वाटेत एक मिळाला. वयाने जरा मोठा आहे, रागीट आहे. पण सांगितलेलं ऐकतो. येईल त्याला." सभागृह हसलं, टाळ्या पडल्या. मागच्या रांगेत बसलेल्या डॉक्टरांनीही वाजवल्या. आपण कुणासाठी वाजवतोय, ते त्यांना जरा उशिराच कळलं.

घरी पोहोचल्यावर बायको दारातच म्हणाली, "तुमच्या पेशंटचा फोन आला होता. दाढेचा. विचारत होता, उद्या त्या बाई शेजारी बसतील का म्हणून."

"मग?" डॉक्टरांनी विचारलं.

"आईला विचारते म्हटलं."

सासूबाई बसल्या. दाढ सुखरूप निघाली.

तिसऱ्या दिवशी काळी गाडी परत आली. डॉक्टर सासूबाईंना चष्म्याच्या दुकानात घेऊन निघाले. रस्ता पुन्हा पहिल्यासारखा झाला होता. दुचाक्या कडेला होत होत्या, गाड्या गल्लीत शिरत होत्या. फरक इतकाच, की आता ते कशामुळे होतंय, हे डॉक्टरांना ठाऊक होतं. एका अरुंद बोळात समोरून आलेला स्कूटरवाला भिंतीला चिकटून उभा राहिला. डॉक्टरांनी गाडी थांबवली आणि काळी काच खाली घेतली. स्कूटरवाल्याच्या चेहऱ्याचा रंगच उडाला.

"काय झालं, साहेब? लागलं का गाडीला?"

"नाही, नाही. थँक्यू म्हणायचं होतं."

स्कूटरवाल्याने पुढे बघितलं, मागे बघितलं. "कशाबद्दल?"

"बाजू दिलीत म्हणून."

"द्यायची नव्हती का?" असं म्हणून त्याने स्कूटर आणखी मागे रेटली. चाक गटाराच्या काठाशी गेलं. डॉक्टर गंभीरपणे त्याच्याकडे बघत राहिले. आभार मानून झाल्यावर पुढे काय करायचं असतं, हे त्यांना आठवेना.

सासूबाईंना ते बघवेना. "अहो डॉक्टर," त्या मोठ्याने म्हणाल्या, "नुसते बघत काय बसलाय? दात काढा जरा!"

स्कूटरवाल्याने तोंड घट्ट मिटलं, त्यावर हात ठेवला आणि एका हाताने स्कूटर चालवत जो सुटला, तो बोळाच्या वळणावर दिसेनासा झाला.

मग मात्र डॉक्टरांना खरोखर हसू आलं. इतकं, की मागून आलेला टेम्पोवाला हॉर्न न वाजवता तसाच थांबला आणि काळ्या गाडीत दोन माणसं कशाला एवढी हसतायत, ते मान वाकडी करून बघत राहिला.