मेथीत नांगरलेली होडी

पाण्यातलं मला सगळं कळतं, असं मी गेल्या दिवाळीपासून छातीठोकपणे सांगत होतो. आता मी मूळचा लातूरचा! आमच्याकडे पाणी रेल्वेनं आलेलं आहे. त्यामुळे पाण्याकडे मी कायम आदरानं आणि जरा लांबूनच बघत आलो. पोहता येत नाही. पण होडी चालवणाऱ्याला पोहता कशाला यायला हवं? विमान चालवणाऱ्याला कुठे उडता येतं?

तर हिंजवडीतली नोकरी सोडून मी मुळशीच्या धरणावर सौरऊर्जेची होडी चालवायची ठरवली. धूर नाही, डिझेलचा तवंग नाही, कर्णा लावून गाणी नाहीत. पाहुण्यांनी शांतपणे पाणी बघायचं, पक्षी बघायचे आणि काठावर लीलाबाईंच्या हातची तांदळाची भाकरी खायची. सरकारी भाषेत याला 'शाश्वत जलपर्यटन' म्हणतात. माझ्या बायकोच्या, म्हणजे गौतमीच्या भाषेत याला 'खूळ' म्हणतात.

"मार्चअखेर परवाना हातात पाहिजे," ती म्हणाली. "नाहीतर एक एप्रिलपासून दिग्विजयच्या दुकानात बसायचं!"

दिग्विजय हा माझा मेव्हणा. बावधनला त्याचं टाइल्सचं भलंमोठं दुकान आहे. तिथे मी एकदा अर्धा दिवस बसलो होतो. एका जोडप्याला बाथरूमसाठी मोतिया आणि हस्तिदंती यांतला फरक समजावता समजावता मला भोवळ आली होती. त्यामुळे परवाना हा माझ्यासाठी जन्ममरणाचा प्रश्न होता!

नोव्हेंबरात होडी आली. धरण काठोकाठ भरलेलं. गेणबांच्या शेताच्या बांधाला पाणी टेकलं होतं. गेणबा म्हणजे माझे भागीदार. जमीन त्यांची, होडी माझी, आणि भाकरी त्यांच्या बायकोची, लीलाबाईंची. दोघांचा जन्म याच काठावर गेलेला. होडीला मी 'गौतमी' नाव दिलं, हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि गेणबांना दम भरला.

"मी चार महिने मालवणला होडी चालवायच्या शिक्षणाला चाललोय. परवाना मिळेपर्यंत होडी जागची हलता कामा नये! कुणी म्हणजे कुणी हात लावायचा नाही!"

"काय बी झालं तरी?" गेणबांनी विचारलं.

"काय बी झालं तरी!"

गेणबांनी लीलाबाईंकडे बघितलं. लीलाबाईंनी पाण्याकडे बघितलं. मग दोघांनी माना डोलावल्या. त्या माना डोलावण्यात काहीतरी होतं, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

मालवणात मी समुद्र शिकलो. भरती शिकलो, ओहोटी शिकलो, आणि रोज सकाळी खाल्लेलं समुद्राला परत करायलाही शिकलो. दर रविवारी गेणबांना फोन करायचो.

"होडी कशी आहे?"

"हाय तितंच हाय. इंचभर हलली न्हाई!"

"आणि आजूबाजूला?"

"लई ग्वाड! भवतीनं समदं हिरवंगार झालंय!"

मी खूश. कोकणातल्या लोकांना ऐकवायचो, तुमच्या समुद्राला सहा तासांत ओहोटी लागते, आमचं धरण बघा, जागचं हलत नाही!

अखेर मार्चच्या शेवटच्या आठवड्यात तपासणीची तारीख लागली, आणि मी मालवणहून आदल्या रात्रीच परतलो. तपासणीला आल्या किमया मॅडम. चष्मा, वही, आणि चेहऱ्यावर हसू नावालाही नाही. त्यांना बावधनहून न्यायला दिग्विजयनं स्वतःची गाडी काढली. उपकार म्हणून नव्हे, मजा बघायला! मागे गौतमी बसली होती. पिरंगुट गेलं, पौड गेलं, आणि माझी टकळी चालू.

"मॅडम, होडी अशी उभी केलीय की पाहुण्यानं बांधावरून पाऊल उचललं की थेट होडीत! पायाला पाण्याचा थेंब लागणार नाही!"

एवढं एक वाक्य मात्र शब्दशः खरं निघालं.

गाडी गेणबांच्या दारात थांबली. मी रुबाबात हात पसरून म्हणालो, "आणि हे आपलं धरण!"

समोर शेत होतं.

मी डोळे चोळले. हरभरा होता, वाल होता, काकडीचा वेल होता. लांब, पार लांब, पाण्याची एक चकचकीत रेघ होती. आणि मधोमध, मेथीच्या हिरव्यागार वाफ्यात, ऐटीत उभी होती माझी 'गौतमी'!

"गेणबा! पाणी कुठे गेलं?"

"मागं सरलं की! दर साली सरतं."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"आवो, तुमी पान्यातलं समदं कळतं म्हनला हुता! आमाला वाटलं, तुमाला ठावं आसंल!"

"अहो, मग होडी पाण्याबरोबर मागे न्यायची!"

"काय बी झालं तरी हलवू नका म्हनला न्हवं? सबूद म्हंजी सबूद!" गेणबा अभिमानानं म्हणाले. "पानी मागं गेलं की गाळात पेरायचं, ही आमची जुनी रीत हाय. लई ताकदीचा गाळ! पर तुमच्या होडीला धक्का लावला न्हाई. चारी बाजूनं पेरलं!"

मागून दिग्विजयचा आवाज आला. "दाजी, सोमवारी दुकान साडेनऊला उघडतं हं!"

किमया मॅडम शेतात उतरल्या. वही उघडली. "जीवरक्षक जाकिटं किती?"

"सहा!" मी ओरडलो. निदान ती तरी... होडीत बघतो तर एकही नाही!

"ती काय तितं!" लीलाबाईंनी बोट दाखवलं. हरभऱ्यात सहा बुजगावणी उभी होती. सहाही जणांनी केशरी जाकिटं घातलेली, वर पट्टे व्यवस्थित आवळलेले! "रानडुकरं लई त्रास देत्यात. होडीला हात लावू नका म्हनला हुता, जाकिटांचं काय बोलला न्हवता."

मॅडमनी लिहिलं, 'सहा. वापरात.'

"आता मोटर चालवून दाखवा."

"नगा नगा!" लीलाबाई पुढे धावल्या. "आत कोंबडी बसलीया! अकरा अंडी हायेत!"

पण मी आता पेटलो होतो. सगळं गेलं तरी मोटर होती! चार महिने शिकलेली विद्या होती! मी होडीत उडी मारली, टोपी सरळ केली आणि कळ दाबली.

सौरपत्र्यानं चार महिने ऊन खाल्लेलं. बॅटरी तुडुंब! होडीच्या मागचा पंखा असा काही गरगरला की मेथीचा अख्खा वाफा हवेत उडाला! मेथी मॅडमच्या चष्म्यावर, मेथी गौतमीच्या केसांत! कोंबडी किंचाळत आसनाखालून निघाली ती थेट दिग्विजयच्या डोक्यावर. दिग्विजय मागे सरला, काकडीच्या वेलात पाय अडकला, आणि साडेनऊला उघडणारं ते दुकान गाळात सपशेल आडवं झालं! होडी मात्र इंचभर हलली नाही.

मी मोटर बंद केली. सगळीकडे ताज्या मेथीचा वास.

आणि मग किमया मॅडम हसल्या! आधी खुदकन, मग पोट धरून, मग बांधावर बसून. त्यांना हसताना बघून गौतमी हसली, लीलाबाई हसल्या, गाळातून दिग्विजयही हसला. मी एकटा कप्तानासारखा ताठ उभा होतो. खाली उतरायची लाज वाटत होती, म्हणून!

जेवायला मेथीच होती, दुसरं काय असणार! तांदळाची भाकरी, मेथीची भाजी, ठेचा. जेवता जेवता मॅडमनी लीलाबाईंना विचारलं, "पाणी दर वर्षी किती मागे जातं हो?"

"शिमग्याला त्या जांभळापातूर," लीलाबाई सांगू लागल्या, "आखाजीला काळ्या खडकापातूर. तितं माशांची जागा हाय, तितनं होडी न्यायची न्हाई. डाव्या अंगाला बगळं घरटी करत्यात, तिकडं बी न्हाई. आषाढात पानी माघारी येतं ते रातीत दोन हात चढतं. तवा बांधावर कायबी ठिवायचं न्हाई."

मॅडम भराभर लिहीत होत्या. माझी चाळीस पानी योजना त्यांनी बसायला घेतली होती.

"मी या आठवड्यात दोन ठिकाणी गेले," त्या म्हणाल्या. "दोन्हीकडे सिमेंटचे पक्के धक्के बांधलेत. आज दोन्ही कोरडे! पाण्याबरोबर जगणारं माणूस मला आत्ता भेटलं. परवाना देते. पण लीलाबाईंच्या नावानं!"

खरं सांगतो, मला भरून आलं. लीलाबाईंनी पदर तोंडाला लावला. गेणबा उगाचच भाकरीकडे बघत बसले. मी हळूच विचारलं, "आणि मी?"

"तुम्ही खलाशी. आधी पोहायला शिका. आणि एक अट आहे. पक्का धक्का नाही. पाहुणे गाळात घसरू नयेत म्हणून उचलता येणारी पायवाट करायची. पाणी जसं सरकेल, तशी पायवाट सरकवायची. सामान नवीन घ्यायचं नाही, टाकाऊच वापरायचं."

"टाकाऊ काय वापरणार?" मी म्हणालो.

केसांतला गाळ झटकत दिग्विजय म्हणाला, "दाजी, माझ्या गोडाऊनला तुटक्या टाइल्सचा डोंगर पडलाय!"

दोन दिवसांत टेम्पो दारात. एकतीस मार्चला परवाना आला, एक एप्रिलला होडी पाण्यात गेली. लीलाबाई सुकाणूवर बसतात. काय रुबाब! पाहुणे त्यांच्याबरोबर फोटो काढतात. कोंबडीची अकराच्या अकरा पिल्लं निघाली. मी पोहायला शिकतोय, सध्या गुडघाभर पाण्यात.

बाकी वेळ मी पायवाट बघतो. पाणी रोज थोडं मागे जातं. मग मागच्या टाइल्स उपटायच्या, धुवायच्या, पुढे नेऊन अंथरायच्या. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, काळा खडक उघडा पडला तेव्हा मोजल्या, चारशे बारा भरल्या! त्यातल्या मोतिया कुठल्या आणि हस्तिदंती कुठल्या, हे मला आता अंधारातसुद्धा सांगता येतं. आषाढात पाणी माघारी आलं की याच सगळ्या उलट्या दिशेनं न्यायच्यात.

नातेवाइकांत गौतमी अभिमानानं सांगते, "ह्यांचं धरणावर होडीचं काम आहे." दिग्विजय सांगतो, "दाजी टाइल्समध्ये आहेत."

मी टाइल उचलायला जातो. दुकानात एकदा विकलेली टाइल निदान परत उचलावी तरी लागत नाही!